खटक्याची लाल चिंधी

“या घरात चहा मागवायचा तर जासूद धाडावा लागतो!” नागोराव ओटीवर पुटपुटला.

तारापुरातलं सोजराबाईंचं सासरचं घर होतंच आगगाडीसारखं लांब. ओटीवरची हाक स्वयंपाकघरात पोचेपर्यंत दमून बसायची! नागोराव त्यांचा धाकटा भाऊ. अणुवीज केंद्राच्या कामावर लागल्यापासून बायको रंभाबाईसह बहिणीकडेच. त्यानं घराची डागडुजी काढली, तेव्हा इतक्या वर्षांत तारापूरकरीण झालेल्या सोजराबाई कडाडल्या, “सागवानी खांबाला खिळा मारलास तर तुलाच खुंटीला टांगीन!”

“आक्का, घर जुनंच दिसेल. बोलेल मात्र नवं!”

ओटीच्या कोनाड्यात नक्षीदार जाळीमागे एक बोलका डबा, दुसरा स्वयंपाकघरात लोणच्याच्या बरणीमागे. तार तुळईवरून. खटका खाली केला की ओटी बोलणार, स्वयंपाकघर ऐकणार. वर केला की उलट. कोणी हात लावू नये म्हणून नागोरावनं कामावरच्या शिरस्त्याप्रमाणे खटक्याला लाल चिंधी बांधली, वरून तारेचा पीळ पकडीनं आवळला.

“ज्यानं बांधली त्यानंच सोडायची! तिथे साहेबसुद्धा हात लावत नाही!”

फक्त बांधताना खटका वर राहिला.

उद्घाटनाला आळी जमली. नागोरावनं डब्याला तोंड लावलं, “हॅलो, चहा!”

जाळीतून उलट रंभाबाईच बोलू लागली! मागल्या दारी नवापूरची कोळीण गोजराबाई बोंबील घेऊन आली होती, तिच्याशी.

“क्वार्टर मिळून महिना झाला गं! घरात नळ! पण वन्संना सांगणार कोण? आमचे हे तर मांजर पाहिलेल्या उंदरासारखे गप्प!”

“सांगून टाक ना बाय!”

“नको गं, रडतील त्या.”

ओटीवर सोजराबाईंचा अडकित्ता थांबला. नागोराव खटक्यावर झेपावला. पीळ त्याचाच, सुटतो कसला! पकड? ती रंभाबाईनं सांडशी म्हणून पळवलेली! लेंगा सावरत तो आत धावला. घाबरल्या माणसाला डबा कुठला आठवायला!

“हळू बोल!” सगळ्या आळीनं ऐकलं. “आक्काला कळलं तर अन्नपाणी सोडेल! आपण गेल्यावर घर तिला खायला उठू नये, म्हणून तर हे सजवतोय! पकड दे आधी!”

“देऊ नको गं त्याला!”

दारात सोजराबाई! गोजराबाईनं टोपली उचलून काढता पाय घेतला. रंभाबाईच्या हातातलं पातेलं कलंडता कलंडता राहिलं.

“वन्सं, ते आपलं...”

सोजराबाईंनी पदरानं डोळे पुसले. मग कंबरेवर हात ठेवले.

“नागू, तुमचं मन मोडेल म्हणून मी गप होते. पण तुजी ही ठोकाठोक आता सोसत नाय रे बाबा! मला माजं घर मोकळं हवं हाय. कधी निघताय?”