चुरींचे रकान्यातले रकाने

आमच्या बोईसरच्या कारखान्यातल्या चुरींना "डब्यात काय?" असं चुकूनसुद्धा विचारू नका. "डबा हा एक रकाना नाय," असं म्हणून ते सुरू होतात. डब्यात भाजी, भाजीत वांगं वेगळं, सुकट वेगळी, सुकटीत परत तिखट किती, मीठ किती. तोवर आपली पोळी गार.

चुरी एडवणचे. आमच्याकडे संगणकावर कामगारांची माहिती रचायचं काम करतात. एका रकान्यात दोन गोष्टी दिसल्या की त्यांचं डोकं फिरतं. "कोंबू नका," एवढंच म्हणतात, पण असं की समोरचा खिशातला रुमालसुद्धा नीट घडी करतो.

यंदा नवीन सॉफ्टवेअर आलं. साहेबांनी फर्मावलं, अडचणीत फोन कुणाला करायचा त्याचा एकच रकाना ठेवा. चुरी भडकले, आणि मीही त्यांच्या बाजूने उभा राहिलो. कारण मागे एक बिहारी कामगार मशीनवर चक्कर येऊन पडला, तेव्हा आमच्याकडे नंबर होता फक्त गावाकडच्या आईचा. तिकडे म्हातारीने हंबरडा फोडला, आणि इथे पलीकडच्याच चाळीत राहणाऱ्या सख्ख्या भावाला संध्याकाळपर्यंत पत्ता नाही.

"एका माणसाची माणसं एका रकान्यात मावतात होय, साहेब?" चुरी म्हणाले. मग त्यांनी मांडणीच बदलली. कामगाराच्या आत त्याची माणसं, कितीही. प्रत्येक माणसाच्या आत त्याचं नातं, फोन, पत्ता, भाषा. आणि सगळ्यात आत एक रकाना, 'कसं सांगायचं'.

साहेब हसले. "शनिवारपर्यंत भरून दाखवा, मग बघू. नाहीतर माझा एकच रकाना."

झालं, आम्हा दोघांना चेव चढला. चुरी खात्याखात्यात फिरून विचारत होते, "माँ को सीधा बताया तो चलेगा?" "नहीं साब, पहले चाचा को बोलना." मी भराभर टाइप करत होतो. इतकी मजा मला नोकरीत कधी आली नव्हती, खरं सांगतो.

शनिवारी साहेबांनी कुठलंही नाव दाबावं आणि आतून माणसं उलगडत यावीत. साहेबांनी मान डोलावली. आम्ही जिंकलो होतो.

फक्त एक नोंद लाल दिसत होती, अपुरी. ती चुरींची होती.

"चुरी, तुमची माणसं भरा की."

"आई होती," ते म्हणाले. "आता कोणाला तरास द्यायचा?"

मी कीबोर्ड ओढला आणि माझं नाव घातलं, खाली बायकोचं. चुरींनी शिस्तीप्रमाणे नंबर तपासायला लगेच तिला फोन लावला.

"वहिनी, तुमचा नंबर माज्या नावाखाली टाकतोय. चालेल ना?"

"चालेल म्हणजे काय, भावोजी? रविवारी जेवायला या, तेव्हा भांडते तुमच्याशी."

फोन ठेवून चुरींनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला. मग 'नातं' या रकान्यात त्यांनी हळूच टाइप केलं, 'घरचे'.