परातीतला उजेड

मुदतीचा शेवटचा दिवस होता आणि कनेरगाव नाक्याजवळच्या तांड्यात एकच माणूस जिवंत ठरायचं राहिलं होतं. धुरपताबाई आडे. वय कार्डावर अडुसष्ट, तिच्या स्वतःच्या अंदाजानं पुष्कळ जास्त.

रेशनकार्डावरच्या प्रत्येक नावामागं खरंच माणूस आहे का, हे तपासून घ्या, असं वरून फर्मान आलं होतं. मशीनवर अंगठा लावायचा, नाहीतर मोबाईलसमोर चेहरा धरून पापणी हलवायची. ज्याची तपासणी होणार नाही त्याचं नाव पुढच्या महिन्यापासून कटणार. धुरपताबाईचा अंगठा केव्हाच बाद झाला होता. चाळीस वर्षं लोकांच्या शेतात हळद खणून, शिजवून तिच्या बोटांवरच्या रेघा अशा पुसल्या होत्या, की रेशन दुकानातल्या मशीननं एकेक करून दहाही बोटं नाकारली. राहिला चेहरा.

ते काम शाळेतल्या व्यंकटराव सरांकडे आलं होतं. शिकवणं सोडून जे काही करून घ्यायचं असतं ते शिक्षकाकडे देतात, तसं. व्यंकटराव हिंगोलीहून रोज मोटारसायकलनं येत आणि सातवीला विज्ञान शिकवत. सध्या प्रकाशाचा धडा चालू होता. तो अर्ध्यावर टाकून ते अकरा वाजता धुरपताबाईच्या दारात उभे राहिले.

नावामागं महिन्याला पाच किलो धान्य मिळायचं. पाच किलो म्हणजे फार नाही, पण धुरपताबाईचं घरातलं बोलणं त्या पाच किलोंवर उभं होतं. मुलगा रणजीत नाक्यावरच्या ढाब्यावर रोट्या भाजायचा, सून निलम रोजानं शेतात जायची. म्हातारीकडून आता काही होत नव्हतं. तरी भाजीत मीठ कमी पडलं की ती म्हणायची, "माज्या वाट्याचं येतं म्हटलं घरात. फुकटचं न्हाई खात." निलम जिभेची तिखट, पण या वाक्यापुढं ती गप्प बसायची. नाव कटलं असतं तर हे वाक्य कटलं असतं, आणि मग मीठ मागायचं कुणाच्या जोरावर?

सर आत वाकून पाहतात तर म्हातारी पेटीतून काढलेली आरसे जडवलेली कांचळी, म्हणजे चोळी, आणि डोक्यावर आरशांचीच टुकरी, म्हणजे ओढणी, घालून बाजेवर ताठ बसलेली. नवरा गेल्यापासून ती साधं लुगडं नेसायची. आज वाटीएवढ्या उजेडातही तिच्या अंगावर शंभर-सव्वाशे आरसे लुकलुकत होते.

"हे काय आजी? कुणाचं लग्न आहे?"

"आधारच्या फोटोत हेच हाय ना गुरजी. निलम म्हनली, दुसरं नेसलं तर फोन वळखायचा न्हाई."

"फोन कपडे ओळखत नाही. चेहरा ओळखतो."

"चेहरा तवाचा कुठं राहिला," धुरपताबाई म्हणाली. "कपडे तेवढे तेच हायत."

 सरांनी मोबाईल काढला, यादीतलं नाव दाबलं आणि समोर धरला. पडद्यावर एक गोल आला. गोलात अंधार.

"उजेड कमी आहे," फोन म्हणाला. फोनमध्ये एक बाई होती. ती दर वेळी नवा दोष सांगायची, आणि तो सांगताना तिचा आवाज जराही चढत नसे.

"लाईट न्हाई व्हय?" सरांनी विचारलं. तांड्यावर आल्यापासून त्यांच्याही बोलण्यात 'न्हाई' शिरला होता.

"दिवसा कवा असते?" निलम म्हणाली.

घर पत्र्याचं, खिडकी नाही. सर सवयीनं समजावू लागले. "बघा आजी, वस्तू आपली आपण दिसत नसते. आधी तिच्यावर उजेड पडायला पाहिजे. तो तिच्यावर आदळून परत फिरतो आणि आपल्या डोळ्यात येतो. तेव्हा कुठं ती दिसते."

"म्हंजी उजेड पडला न्हाई तर म्या न्हाईच?"

"असता. पण दिसत नाही."

"आमच्या तांड्याचं तसंच हाय," म्हातारी म्हणाली आणि उठून दारात आली.

दारात तिनं उंबऱ्यावर बसून तोंड आत केलं, सर आतून फोन धरून उभे राहिले. पडद्यावर दार लखलखलं आणि मध्ये म्हातारीच्या आकाराचा कोळसा दिसला. "चेहरा दिसत नाही," फोनमधली बाई म्हणाली. मागून उजेड आला की पुढची बाजू काळी पडते, हे सरांनी सांगितलं. ते बरोबरच होतं. आज दिवसभर सरांनी सांगितलेलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं.

मग अंगणात. फेब्रुवारीचं ऊन, अगदी डोक्यावर. धुरपताबाई बाहेर पडली आणि तिच्या कांचळीतून उजेडाचे ठिपके उडाले. समोरच्या पत्र्यावर, सरांच्या शर्टावर, शेळीच्या पाठीवर. शेळी दाव्याला हिसका देऊन मागं सरली. सरांनी फोन धरला तर बाई म्हणाली, "एकापेक्षा जास्त चेहरे आढळले."

"कुठं हायत जास्त?" निलमनं मागं वळून पाहिलं.

सरांनी डोळे बारीक करून म्हातारीच्या कांचळीकडे पाहिलं. मग संकोचून मान वळवली. प्रत्येक आरशात एकेक व्यंकटराव होते, फोन धरलेले, घामेजलेले.

"आजी, ही कांचळी तेवढी..."

"काढायची न्हाई."

"झाका तरी."

निलमनं रणजीतचा टॉवेल आणून सासूच्या गळ्याभोवती गुंडाळला. आता म्हातारी न्हाव्यापुढं बसल्यासारखी दिसू लागली. आरसे बंद झाले, तर चष्मा चमकला. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा तो जाड चष्मा. त्याच्या दोन्ही भिंगांत एकेक सूर्य बसला आणि डोळे गायब. चष्मा काढला, तर उघड्या डोळ्यांना ऊन सोसेना. डोळे मिटले.

"कृपया डोळे उघडा."

"उघड ना याडी," निलम म्हणाली. याडी म्हणजे आई. तांड्यात सून सासूलाही तेच म्हणते.

"उघडून राहिले ना. पानी येऊन राहिलं."

"रडू नको, फोन खराब हुईल."

"म्या न्हाई रडत. सूर्य रडवून राहिला."

सावली हवी म्हणून शेजारच्या सोनाजीनं वाळवणावर घालायची निळी ताडपत्री आणून दोन बल्ल्यांवर बांधली. खाली सावली झाली, पण निळी. म्हातारी निळी, टॉवेल निळा, सरांची बोटं निळी. निळ्या कापडातून निळाच उजेड गाळून येतो, बाकीचे रंग अडतात, असं सर सांगत होते तेवढ्यात सोनाजी कौतुकानं म्हणाला, "धुरपताबाई, जत्रेतल्या देवावानी दिसून राहिल्या."

"देव असते तर हे कार्ड कशाला लागलं असतं," म्हातारी म्हणाली.

फोननं देवही नाकारला आणि तापून बंद पडला.

चार वाजले. पाच वाजता यादी बंद होणार होती. सरांना सकाळपासून साहेबांचे तीन फोन आले होते. तांड्याला ठरवून दिलेला आकडा भरायला एकच नाव कमी होतं. त्यांनी फोन ओल्या फडक्यात गुंडाळला, पुन्हा चालू केला, अंगणात उभं राहून यादी उघडली. उन्हात पडद्यावर यादी दिसेना, स्वतःचंच कपाळ दिसू लागलं. त्यांनी हाताचा आडोसा केला, आडे कुटुंबाच्या चार ओळी अंधूक दिसल्या, त्यांतल्या म्हातारीच्या ओळीवर अंदाजानं बोट टेकवलं.

"आता शेवटचं," ते म्हणाले. "आजींना आत बसवा. उजेड आपण आत न्यायचा. घरात परात आहे का, स्टीलची?"

हे मात्र त्यांना मनापासून सुचलं होतं. धड्यातच होतं. निलमनं माहेरहून आणलेली मोठी परात काढली. उन्हं आता कलली होती आणि दारापर्यंत आली होती. निलम दारात परात तिरपी धरून उभी राहिली. उजेडाचा एक गोल पत्र्याच्या अंधाऱ्या घरात शिरला, डब्यांवरून सरकत आला आणि समोरच्या भिंतीला टेकून बसलेल्या धुरपताबाईच्या तोंडावर थांबला.

घर बदललं. सर क्षणभर फोन धरायचं विसरले. सुरकुत्या, हनुवटीवरचं गोंदण, नाकातली रिकामी भोकं, सगळं स्वच्छ दिसत होतं. निलमही लग्नाला अकरा वर्षं होऊन पहिल्यांदाच पाहिल्यासारखी सासूकडे पाहत राहिली.

"हे छान," सर म्हणाले. "हलू नका."

"चेहरा जुळत नाही," बाई म्हणाली.

 उजेड कमी होता, जास्त होता, निळा होता, हे सगळं समजण्यासारखं होतं. हे वेगळं होतं. सरांनी पुन्हा केलं.

"चेहरा जुळत नाही."

"बराबर बघितलं व्हय तिनं?" धुरपताबाईनं हळूच विचारलं.

"बघितलं आजी. स्वच्छ दिसतंय."

"मंग म्याच असंल दुसरी." तिनं हातानं स्वतःचा गाल चाचपला. "लेकीला दिलं, लेकाला दिलं, शेतानं नेलं. आता यात काय राहिलं असंल वळखायला."

"असं काहून बोलते, याडी," निलम म्हणाली. तिचे हात भरून आले होते. परात जड होती आणि सकाळपासून तिच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. "सर, लौकर करा."

सरांनी तिसऱ्यांदा फोन धरला. निलमचा कोपर लटपटला. परात किंचित कलली आणि उजेडाचा गोल म्हातारीच्या तोंडावरून वर उडाला. वर भिंतीवर एक फोटो टांगलेला होता, हार घातलेला. उजेड त्याच्या काचेवरून सर्रकन गेला आणि परत खाली आला.

टिंग वाजलं.

"पडताळणी यशस्वी," बाई म्हणाली. त्याच आवाजात.

निलमनं परात टाकली. तिच्या आवाजानं सोनाजी आत आला, त्याच्यामागं शेजारच्या दोघी. "झालं, झालं," निलम म्हणाली आणि दाराला टेकून खाली बसली. धुरपताबाईनं चष्मा घातला.

"जित्ती निघाले का गुरजी?"

व्यंकटराव पडद्याकडे पाहत होते. त्यांनी तो घरातल्या अंधारात धरला होता, त्यामुळं आता अक्षर न् अक्षर दिसत होतं.

"लालसिंग कोण?" त्यांनी विचारलं.

 सगळ्यांनी वर फोटोकडे पाहिलं. सरांनीही पाहिलं आणि त्यांना कळलं. उन्हात बोट एक ओळ खाली पडलं होतं. एवढा वेळ फोन म्हातारीत तिचा नवरा शोधत होता आणि जुळत नाही म्हणत होता, ते खरंच होतं. मग परात हलली, काचेवरून उजेड गेला, फोटोच्या डोळ्यांपाशी काहीतरी हललं, आणि फोननं ती पापणी धरली. लालसिंग आडे. पुरुष. हयात.

लालसिंगला जाऊन चार वर्षं झाली होती. कार्डावरून नाव काढायला तालुक्याला तीन खेपा लागतात आणि राहू द्यायला एकही लागत नाही, म्हणून ते राहिलं होतं. त्याचे पाच किलोही दर महिन्याला येत होते. यंदाच्या तपासणीत तो आपोआप मरणार, हे घरानं धरून ठेवलं होतं.

सरांनी घाईघाईनं यादी उघडून धुरपताबाईची ओळ दाबली. पाच वाजून दोन मिनिटं झाली होती. पडद्यावर चाक फिरलं आणि थांबलं. मुदत संपली.

"मंग चूक झाली म्हनून कळवा ना," निलम म्हणाली.

"कळवतो." सर बाजेवर बसले. "कळवलं की यांचं नाव कटेल. आजींचं पुन्हा येईलच असं नाही. आणि मला लेखी विचारतील, मेलेल्या माणसाची पापणी हलली कशी. काय लिहू? परावर्तन?"

निलमनं बोटांवर विचार केला. "म्हंजी बाचं राहिलं आन याडीचं गेलं."

"हो."

"मंग काय बिघडलं? दोघातलं एकच ऱ्हानार होतं. पाच किलो ते पाच किलो."

सरांनी मान डोलावली. सोनाजीनंही डोलावली, शेजारणींनीही. एवढं साधं गणित सकाळपासून कुणाला सुचलं नव्हतं. सरांच्या खिशातला फोन वाजला. "पूर्ण झालं साहेब," ते म्हणाले, "तांडा शंभर टक्के." आणि धुरपताबाईकडे न पाहता चप्पल शोधू लागले.

म्हातारीनं गळ्याभोवतीचा टॉवेल सोडला, घडी घातली. कांचळी मात्र तिनं लगेच काढली नाही. अंधार पडेपर्यंत ती तशीच बसून होती. आरशांत दाखवायला काही उरलं नव्हतं.

आजींचं नाव परत घालण्यासाठी तहसीलचा अर्ज सरांनी स्वतः लिहून दिला. अर्ज घेणाऱ्यानं सांगितलं, अर्जदार बाईनं आधी हयात असल्याचा पुरावा जोडावा.

पुढच्या महिन्यात धान्य आलं. रणजीतनं दुपारी पिशवी दारात ठेवली आणि म्हणाला, "बाचं धान्य आलं." निलमनं गहू दळून आणले, पोळ्या केल्या आणि पहिलं ताट वाढून फोटोपुढं ठेवलं. वाकून नमस्कार केला. खोटं काही नव्हतं त्यात. ज्याच्या नावानं घरात दाणा येतो त्याला आधी वाढायचं, अशी घराची रीतच होती. मग नवऱ्याला वाढलं, मग सासूला.

आमटी अळणी होती. धुरपताबाई मुकाट्यानं जेवली. पोळी संपली तशी ती ताटातले कण टिपत राहिली.

"अजून एक घे ना याडी," निलम म्हणाली आणि टोपल्यातली पोळी उचलली.

म्हातारीनं ताटावर हात आडवा धरला आणि मानेनंच भिंतीकडे खूण केली.

"त्यांना इचार."