पंजाबराव रुसले नव्हते

खुर्चीत बसायचं कसं, हे पंजाबरावानं युनूस सुताराला नीट समजावून दिलं होतं. उठायचं कसं, ते सांगायचं राहून गेलं होतं.

लग्नघरातून तो केळीचे खांब आणायला म्हणून निघाला होता. धाकटी बहीण अंजना हळदीला बसली होती. वाशीमचं वऱ्हाड आदल्या संध्याकाळीच जानोशात उतरलं होतं. आणि मांडव, चुली, पत्रावळी, पाहुण्यांच्या बैलांची वैरण या धावपळीत पंजाबरावाची पाठ कित्येक दिवस कशालाही टेकली नव्हती. मेडशीबाहेरच्या तळ्याकाठी, बाभळीच्या सावलीत, युनूस वाट पाहत उभा होता. शेजारी खुर्ची. दोन सागवानी चौकटी आणि मधे झोळीसारखी सोडलेली, पट्ट्यापट्ट्याची जुनी सतरंजी.

"हे घे तुह्या इटलीची खुर्ची," युनूस म्हणाला. "बस आन् सांग, तशीच हाय का?"

पंजाबराव बसला. खाली गेला, आणखी खाली गेला. पाय आपोआप लांब झाले, मान मागे टेकली. समोर पाणी. पाण्यात एक बगळा. त्यालाही काही काम असावं असं दिसत नव्हतं.

"तशीच हाय," पंजाबराव म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम मऊ झाला. "जाय तू आता."

युनूस गेला. पंजाबरावानं डोळे मिटले आणि—

*

इटलीच्या पूर्वेला एड्रियाटिक नावाचा समुद्र आहे. दुसऱ्या महायुद्धात पंजाबराव तिकडे खेचरांच्या पलटणीत होता. खेचरांच्या पाठीवर तोफगोळे लादायचे आणि चिखलातून डोंगर चढायचा, एवढंच काम. एका हिवाळ्यात त्याच्या तुकडीला विसावा म्हणून किनाऱ्यावरच्या गावात पाठवलं. उन्हाळ्यात तिथं म्हणे मोठमोठे लोक हवा खायला येत. आता हंगाम नव्हता. हॉटेलं बंद, खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या, वाळूवर कुणाचं पाऊल नाही. एका हॉटेलच्या म्हाताऱ्या रखवालदारानं ढिगाऱ्यातून एक खुर्ची ओढली, झटकली आणि हातानं खूण केली. बस.

पंजाबरावाला जन्मात कुणी नुसतं बसायला सांगितलं नव्हतं. बस आणि वांगी निवड, बस आणि मोटेचा दोर वळ, बस आणि ऐकून घे, असं सांगितलं होतं. त्यानं बसून खुणेनं विचारलं, आता काय करू? म्हाताऱ्यानं खांदे उडवले. काही नाही.

समुद्र करड्या रंगाचा. वारा गार. गळ्यापर्यंत कांबळं, पायांवर पिवळं ऊन. पंजाबरावानं डोळे मिटले आणि—

लॉरीचा भोंगा वाजला. वर डोंगरात खेचरं अडली होती. विसावा संपला.

ती तुटलेली झोप त्यानं जहाजातून, आगगाडीतून, शेवटी बैलगाडीतून मेडशीपर्यंत जपून आणली होती.

*

"रामराम, पंजाबराव!"

तळ्याच्या पायवाटेवर चंपतमामा उभे होते. नवरदेवाचे मामा, वाशीमच्या वऱ्हाडातला सगळ्यात मानाचा माणूस. डोक्याला केशरी फेटा, हातात तांब्या.

पंजाबराव उठायला गेला. त्यानं चौकटीवर जोर दिला तशी चौकट मिटली आणि तो आणखी वीतभर खाली गेला.

"रामराम मामा," तो झोपल्या झोपल्याच म्हणाला.

मामा थांबले. नवरीच्या भावानं उठून सामोरं यावं, एवढा वेळ त्यांनी दिला. मग जरा जवळ आले.

"तब्येत?"

"बरी हाय."

"मंग घर सोडून इथं काहून?"

"बसलो असाच."

"बहिनीच्या लग्नाच्या दिवशी? गावाबाहेर? एकटेच?" मामांनी आवाज खाली आणला. "रुसले काय?"

"नाई नाई! मी रुसलो नाई."

चंपतमामांनी शंभर लग्नं पार पाडली होती. रुसलेला माणूस पहिलं वाक्य हेच बोलतो, हे त्यांना ठाऊक होतं.

"काय पायजे, बोला मोकळेपनानं."

"मले काई नको, मामा."

दुसरं वाक्यही तेच असतं. मामा भरला तांब्या घेऊन, आल्या कामाचं विसरून, जानोशाकडे पळत सुटले.

*

आता मामा का पळाले, ते सांगायला हवं. फेरे होताना नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा, बहिणीला नीट नांदव म्हणून बजावायचं आणि त्याबद्दल मानाचं वस्त्र घ्यायचं, अशी रीत. कानपिळी झाल्याशिवाय लग्न पुरं होत नाही. मुहूर्त गोरजाचा होता. आणि कान पिळणारा हात तळ्याकाठी लोळत पडला होता.

*

बातमी मांडवात पोचली. पंजाबरावाचे वडील बापूराव आणि त्यांची थोरली बहीण प्रयागबाई धापा टाकत तळ्यावर आले.

"बाबा, हात द्या," पंजाबराव म्हणाला. "मी फसलो याच्यात."

बापूरावांनी हात पुढे केला. प्रयागबाईंनी त्या हातावर चापट मारली.

"खबरदार उठवशीन तं! तिकडं धोतरजोडा काढून राह्यले ते. माह्या लग्नात कानपिळीले तुले काय भेटलं होतं रे, बापू?"

"टोपी," बापूराव म्हणाले. चाळीस वर्षं झाली, तरी तो शब्द घशातून सरळ बाहेर येत नव्हता.

"आयकलं? टोपी! आन् आता देवानं संधी देल्ली तं हा उठून राह्यला!"

"आत्या, पन मी खरंच रुसलो नाई वं."

"वा!" प्रयागबाईंनी कौतुकानं भावाकडे पाहिलं. "कसा बरोबर बोलते पाह्य. कोनी शिकवलं बी नाई."

"पंजाब," बापूराव खाकरले, "आता गावभर बोभाटा झालाच हाय, तं असाच उठून आला तर आपलीच शोभा होईन. तू आराम कर जरासा."

पलटणीत पहाऱ्यावर उभं करताना सुभेदाराचा आवाज असाच असे. पंजाबरावानं आराम करायला सुरुवात केली. जबडा आवळलेला, मान ताठ, नजर पायवाटेवर.

धोतरजोडा आला. "मले काई नको," पंजाबराव म्हणाला. ते अगदी खरं होतं. जोड्यावर शेला आला. "कायले आनता? मले काईच नको, बाप्पा!" त्यानं हात जोडले. तेव्हा वाशीमकर गंभीर झाले. काईच नको म्हणणारा हात जोडतो, म्हणजे जखम खोल आहे. बाभळीआडून प्रयागबाई डोळ्यांनीच खुणावत होत्या. फेटा. फेटा.

पण जास्तीचा फेटा वऱ्हाडात कुणाकडे नव्हता. मेडशीच्या दुकानात तसलं कापड मिळेना. सावल्या लांबायला लागल्या. शेवटी नवरदेवाच्या बापानं, इलाजच नव्हता म्हणून, चंपतमामांच्या डोक्यावरचा केशरी फेटा अलगद उचलला आणि पंजाबरावाच्या पोटावर आणून ठेवला.

"झालं!" प्रयागबाई पुढे आल्या. "उठ आता."

कुणी उठवायच्या आत पलीकडच्या काठावरून ओरडणं ऐकू आलं.

चंपतमामा बोडक्या डोक्यानं एका दगडावर जाऊन बसले होते.

"मी रुसलो नाई!" ते पाण्यावरून ओरडले. "मले काई नको!"

*

अलीकडे एक. पलीकडे एक. मधे बगळा.

"फेटा वापस द्या त्यायले," पंजाबराव म्हणाला.

"देल्लेला मान वापस करते काय कोनी?" बापूराव कपाळ पुसत म्हणाले. "तो दुसरा अपमान होईन!"

जानोशात वेगळंच सुरू होतं. तरणी पोरं म्हणत होती, आमच्या मामाले उघडं केलं, आता कायचं लग्न? मग तळ्यापर्यंत ऐकू आली ती बैलांच्या गळ्यातली घुंगरं. पोरं गाड्या जुंपत होती.

प्रयागबाईंचा चेहरा उतरला. बापूराव मटकन खाली बसले. "पोरीची हळद लागली हो," एवढंच म्हणाले.

पंजाबरावानं जीव खाऊन जोर केला. चौकट करकरली, सतरंजी आणखी ताणली, आणि तो इतका खाली गेला की आता त्याला तळंही दिसेना. फक्त आभाळ आणि स्वतःचे गुडघे. त्या दोन गुडघ्यांच्या मधून एक पिवळा माणूस येताना दिसला.

अंजना होती. अंगावर हळद, कपाळाला मुंडावळ्या, पायात काही नाही. मागून पंजाबरावाची बायको जिजाबाई तिला धरायला धावत होती.

"अवं, नवरी घराबाहेर निंगते काय! लोकं काय म्हनतीन!"

अंजना खुर्चीपाशी येऊन थांबली. ती रडत नव्हती. तेच जास्त वाईट होतं.

"दादा, तू रुसला."

"नाई वं बाई..."

"तुले मनवाले सारं वाशीम आलं. तिकडं मामा रुसला, त्यायले मनवाले आर्धं मेडशी गेलं. मी रुसली तं मले मनवाले कोन येईन रे? मी आता या मातीत बसू काय?"

पंजाबरावानं हात वर केला.

"वढ मले," तो म्हणाला. "मी रुसलो नाई, अंजने. मी फसलो."

तिनं हळदीचे दोन्ही हात लावले आणि असा हिसडा दिला की भाऊ खुर्चीतून सुटून तिच्याही पुढे जाऊन पडला.

*

खेचर अडलं की ओढायचं नसतं. मारायचं तर नसतंच. त्याच्याजवळ जाऊन, आपल्यालाही कुठं जायची घाई नाही असं उभं राहायचं. डोक्यावर गोळे पडत असले तरी.

पंजाबरावानं खुर्ची खांद्यावर टाकली, फेटा काखेत मारला आणि तळ्याला वळसा घालून पलीकडे गेला. खुर्ची दगडाजवळ मांडली. तिच्यावर फेटा ठेवला. आणि स्वतः जमिनीवर बसून पाण्याकडे पाहू लागला.

मामांनी वाट पाहिली. हा मनवत का नाही?

"काय पायजे तुले?" शेवटी तेच म्हणाले.

"काई नको. तुमाले?"

"मले बी काई नको."

गाड्यांची घुंगरं वाजत होती. पंजाबरावाचं काळीज त्यांच्यापेक्षा जोरात वाजत होतं, पण तो हलला नाही. मामांनी दगडावर बैठक बदलली. मग पुन्हा बदलली.

"दिसभर त्याच्यात पडून काय करून राह्यला होता?"

"बसून पाहा, मामा."

मामांनी फेटा उचलला, डोक्याला गुंडाळला आणि बसले. खाली गेले. आणखी खाली. पाय लांब झाले. मान टेकली.

"अरे बाप्पा," ते म्हणाले, आणि डोळे मिटले.

तेवढ्यात गावाच्या पश्चिमेला धूळ उठली. गाईगुरं परतत होती.

"मामा, गोरज! उठा."

मामांनी जोर केला. वीतभर खाली गेले. पुन्हा केला. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. काठावर दोन्ही गावं उभी राहून बघत होती.

"पंजाबराव," ते पुटपुटले, "मी फसलो."

"मले माहीत हाय."

"सांगू नको कोनाले. हात बी देऊ नको. इज्जत जाईन."

पंजाबराव उभा राहिला, आणि पलटणीतल्या आवाजात ओरडला, "मामा म्हनतेत, मान पायजे! आमाले खुर्चीसकट मांडवात न्या!"

वाशीमकरांनी सुटकेचा श्वास सोडला. आता कसं बोलले मामा! मागणी आली म्हणजे रुसवा संपला. चौघांनी खुर्ची उचलली. गाड्यांचे बैल सुटले. गुरांच्या धुळीतून, गुरांच्या आधी, चंपतमामा आडवे पडून मांडवात शिरले.

अक्षता त्यांनी झोपूनच टाकल्या. त्यातल्या बऱ्याच त्यांच्याच तोंडावर पडल्या.

मग कानपिळी. पंजाबरावानं नवरदेवाचा कान असा पिळला, की दिवसभराचं सगळं त्यात उतरलं.

"दादा, काय पायजे?" नवरदेव कळवळून म्हणाला.

"काई न..."

भटजींचा हात हवेत राहिला. बापूरावांनी खांब धरला.

पंजाबरावानं खुर्चीकडे पाहिलं. मामांनी दोन्ही हातांनी चौकट घट्ट पकडली होती. भीतीनं नव्हे, मालकीनं. आणि डोकं मात्र त्यांनी हळूच पुढे केलं होतं.

"फेटा!" पंजाबराव म्हणाला. "फेटा द्या मले!"

मांडवात जल्लोष झाला. प्रयागबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

*

दुसऱ्या दिवशी अंजना सासरी निघाली. पहिल्या गाडीत नवरानवरी; दुसऱ्या गाडीत, दोरानं बांधलेल्या खुर्चीत, चंपतमामा. गाडी वळणावर गेली तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत. अंजनानं मात्र मागे वळून पाहिलं, आणि भावाच्या डोक्यावरचा तो मोठा केशरी फेटा पाहून रडता रडता हसली.

पंजाबराव तसाच तळ्यावर गेला. खुर्ची नव्हती. त्यानं फेटा सोडला, घडी करून उशाशी घेतला आणि बाभळीखाली जमिनीवरच पाठ टेकली. पाय पाण्यात. बगळा तिथंच होता.

पायवाटेवर प्रयागबाईंची चाहूल लागली. त्या थबकल्या.

"काय रे पंजाब, खुर्ची गेली म्हनून रुसला काय?"

पंजाबरावानं क्षणभर विचार केला.

"हो, आत्या. रुसलो. मले लय काई पायजे."

प्रयागबाईंनी त्याला नीट न्याहाळलं. खरा रुसलेला माणूस असं कबूल करतो थोडाच?

"हट मेल्या! गंमत करते," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या. पोरगं मजेत आहे, कुणी तिकडे जायची गरज नाही, असं त्यांनी घराघरात सांगितलं.

पंजाबरावानं डोळे मिटले आणि तो दिवे लागेपर्यंत झोपला.