कोट उलटा करणारे बशीर मास्तर

माझ्या हातची तुरपाई लोकांना दिसावी म्हणून ज्यांनी अमरावतीतल्या अर्ध्या राजापेठेचे कोट उलटे केले, त्या बशीर मास्तरांचं नाव आधी घेते. बाकीचं मग सांगते.

मास्तरांच्या शिलाईच्या दुकानात गिऱ्हाईक नवा कोट घालून आरशासमोर खुश झालं, की मास्तर म्हणायचे, "आता उतरवा."

"कावून? बिघडला काय?"

"नाही सायेब. उलटा करून पाहा. सुलटा तं कोनीबी पायते."

मग ते अस्तराचे टाके, तुरपाई, बटणांची काजं बोट ठेवून दाखवायचे आणि माझ्याकडे हात करायचे. "हे या वंदनाबाईचं काम. हिवरखेडच्या हायेत." एका फौजदारसाहेबांना तर त्यांनी नवी पँट उलटी करायला लावली. साहेब पडद्याआडून ओरडले, "अन् मी काय घालू?"

"माही लुंगी हाये तिथं खुंटीले!"

ही खोड दुकानापुरती नव्हती. हॉटेलात गिला वडा खाल्ला की मास्तर मागच्या बाजूला डोकवायचे. "डाळ कोनं वाटली?"

"मिक्सरनं," हॉटेलवाला वैतागायचा.

"अन् मिक्सर कोनं धुतलं?" धुणारी बाई बाहेर आल्याशिवाय मास्तर हलायचे नाहीत. तिला सलाम करूनच निघायचे.

माझी शाळा सातवीत सुटली. कपाशीत काही उरेना, म्हणून शेत वर्षाच्या बोलीवर ठोक्यानं देऊन आम्ही नवराबायको अमरावतीला आलो होतो. नवऱ्याची हमाली आज असे, उद्या नसे. चूल माझ्या सुईवर चालायची. त्यामुळे मास्तरांनी माझं नाव घेतलं की मला आनंदापेक्षा धास्तीच जास्त वाटायची. नाव सगळ्यांना ठाऊक झालं म्हणजे चूकही नावानिशीच सापडणार!

ती सापडलीच. नर्सिंगच्या मुलींचे अ‍ॅप्रन आले होते. बायकांची काजं उजव्या बाजूला असतात, पुरुषांची डाव्या. तीसेक अ‍ॅप्रन केल्यावर त्याच हातानं एका नवरदेवाचा कोट घेतला आणि त्याचीही काजं उजवीकडे कापली. कापलेलं काज परत बुजत नाही. हळद एका दिवसावर आली होती. सकाळी धामणगावहून नवरदेवाचा मामा आला आणि कोट पाहून भडकला.

"हा कोट नवरदेवाचा हाये का नवरीचा? काजं कोनं केली?"

हे काम गेलं तर त्या शहरात मला दुसरं कोण देणार होतं?

"म्या केली," मास्तर म्हणाले. "बाईले फक्त तुरपाई देली होती. म्हातारा झालो, मामा."

"मंग दुकान बंद करा ना!"

"करतो. पयले कोट देतो. सांजेले या."

मास्तरांनी कोटाच्याच ताग्यातलं उरलेलं कापड काढलं, उजवी बाजू नवी कापून जोडली, आणि डावीकडची काजं करायला कोट माझ्याच हातात दिला.

"मास्तर, माही चूक तुमी कावून घेतली?"

ते खडू घासत म्हणाले, "मेहरून, माही घरवाली, बावीस साल पडद्याआड बसून काजं करे. कोट चांगला झाला तं म्या शिवला. बिघडला तं घरवालीनं बिघडवला. तिचं नाव दुकानात तेवढ्याच टायमाले निंघे." मग खडू खाली ठेवून म्हणाले, "गेली, तवा मय्यतीले एक गिऱ्हाईक आलं नाही. ती होती हेच कोनाले मालूम नोतं."

मी सुई ओवली. तशी काजं मला आयुष्यात कधी जमली नव्हती.

संध्याकाळी मामा आला. मास्तरांनी कोट पुढे केला. "पाहा काजं. वंदनाबाईची हायेत."

"अन् सकाळी तं तुमी म्हनत होते..."

"सकायची माही होती. आताची बाईची."

आता नवऱ्याच्या कामामुळे मी नाशिकला असते. घरात एक मशीन आहे, दुकान अजून नाही. होईल की नाही, ही काळजी असतेच. पण ज्या दिवशी होईल, त्या दिवशी पाटीवर 'मेहरून टेलर्स' लिहीन आणि मास्तरांना अमरावतीहून गाडीत बसवून ती पाटी वाचायला आणीन.