काटेबुवांची सरळमार्गी आगगाडी

एका जंगलात, मुलांनो, झाडांना मोबाइल लागत असत. हसू नका. सीताफळं लागतात, मग मोबाइल का नाही? ज्याला हवा त्याने तोडावा आणि आपल्या बिळात घेऊन जावा.

त्या जंगलात काटेबुवा नावाचे एक साळिंदर राहत होते. त्यांना खेळण्यातल्या आगगाडीचा नाद लागला. म्हणजे आगगाडी करण्याचा नव्हे बरं का. ती कशी करतात याचे व्हिडिओ बघण्याचा. कोणी एक माकडगुरुजी हे व्हिडिओ करत. काटेबुवा ते दात घासताना बघत, जेवताना बघत, आणि वेळ वाचावा म्हणून दुप्पट वेगाने बघत. वाचलेल्या वेळात आणखी व्हिडिओ बघत. असे तीनशे अकरा व्हिडिओ बघून झाले. रूळ एकही जोडून झाला नाही.

"अहो, एवढं बघताय तर वीतभर रूळ तरी करा," त्यांची बायको म्हणाली.

"आधी पाया पक्का व्हायला हवा," काटेबुवा म्हणाले.

शेजारच्या बांधाखाली गोदाक्का घूस राहत होती. तिने बांबूच्या कामट्यांचे रूळ करून आपल्या बिळाभोवती खरोखरीची छोटी गाडी फिरवली होती. चावीचं इंजिन, मागे चार डबे, डब्यांत दाणे. गाडी शेतातून दाणे आणायची आणि वळसा घालून बिळाच्या दाराशी थांबायची. काटेबुवा रोज तिथे जाऊन चुका काढत.

"खडी जाड झालीय, गोदाक्का. आणि इंजिन फार नवं दिसतं. गंजल्यासारखं रंगवतात ते."

"पावसात राहिलं की गंजेल आपोआप," गोदाक्का म्हणायची.

काटेबुवांना तिची कीव येई. बिचारीने आयुष्यात एकही व्हिडिओ पाहिलेला नव्हता.

अशात महाराजांची साठी आली. महाराज म्हणजे सिंह. त्यांनी ठरवलं की साठीच्या पंगतीत जिलबी आणि मठ्ठा वाढायला वाढपी नकोत, आगगाडी हवी. सिंह जिलबी खातो का, असं विचारू नका. राजा आहे, त्याला कोण विचारणार? पंगत काटकोनात बसायची होती. आधी प्रजेची लांबलचक रांग, आणि कोपऱ्यावर वळलं की महाराजांचा चांदीचा पाट.

प्रधान कोल्ह्याने दरबारात विचारलं, "हे काम कोण करील?"

गोदाक्काने पंजा वर केला.

"किती व्हिडिओ पाहिलेत?" प्रधानाने विचारलं.

"एकही नाही. पण माझी गाडी चालते."

दरबार खो खो हसला. मग काटेबुवा उठले आणि म्हणाले, "तीनशे अकरा." दरबाराने माना डोलावल्या. काम काटेबुवांना मिळालं.

"आणि गाडी आमच्या पाटापर्यंत आली नाही, तर तुझ्या अंगावरचा एकेक काटा उपटून काढीन," महाराज प्रेमाने म्हणाले.

काटे गेलेलं साळिंदर म्हणजे कुणाचाही आयता घास. पण काटेबुवांना भीती वाटली नाही. ज्याने कधी काही केलेलं नसतं, त्याला आपलं काही चुकेल असं वाटतच नाही.

चावीची गाडी दरबाराने दिली, रूळ तेवढे काटेबुवांनी करायचे होते. चौदा कामट्या मोडल्यावर पंधरावी बसली. सरळ रूळ हळूहळू पुढे सरकू लागले. काटेबुवांची छाती फुगली. मग कोपरा आला.

काटेबुवांनी मोबाइल काढला. माकडगुरुजी सांगत होते, "तर मित्रांनो, सरळ रूळ आपण शिकलो. आता वळण कसं द्यायचं ते आपण पुढच्या भागात पाहू." काटेबुवांनी पुढचा भाग शोधला. पुढच्या भागात माकडगुरुजी बिनअंड्याचा केक शिकवत होते. त्याच्या पुढच्या भागात केसगळतीवर उपाय सांगत होते. वळणाचा भाग कुठेही नव्हता. खाली एका सशाने विचारलं होतं, "गुरुजी, वळण कधी?" त्याला तीन वर्षं झाली होती.

काटेबुवांनी तोच भाग पुन्हा लावून पाहिला. पंगत परवावर आली होती.

"गोदाक्काकडे जा," बायको म्हणाली. "ती एका दुपारात वळवून देईल."

"मी? तिच्याकडे?"

"मग काटे द्या उपटून. मला काय, मी माहेरी जाईन."

काटेबुवा गेले. गोदाक्काने एका शब्दानेही टोमणा मारला नाही. चुलीतले निखारे पुढे ओढले, एक ओली कामटी त्यांच्यावर धरली आणि म्हणाली, "बुवा, हे दुसरं टोक धरा. गरम झालं की हळूहळू दाबायचं. घाई केली तर मोडतं. सोडलं तर परत सरळ होतं."

काटेबुवांनी टोक धरलं. कामटी तापली. काटेबुवा "आई गं!" म्हणून चार हात मागे उडाले.

"भाजतं की हे!"

"भाजतंच. बोटं भाजल्याशिवाय कामटी वळत नाही."

"तुम्हीच करा ना. मी इथे बसून बघतो."

"बघून बघूनच तुमचं हे असं झालंय," गोदाक्का म्हणाली. "नुसतं बघून वळण लागत नाही, बुवा. ना रुळाला, ना आपल्याला. आपण मिळून करू. तुमच्या बोटाला लोणी लावते, या इकडे."

काटेबुवांना राग आला. तीनशे अकरा व्हिडिओ पाहिलेल्या साळिंदराला एक घूस शिकवणार? ते तसेच घरी आले आणि कोपऱ्याच्या पुढेही सरळच रूळ टाकले. आपण कुठे चाललोय हे त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही. रूळ डबक्यापाशी जाऊन संपले.

पंगतीचा दिवस उजाडला. पानं मांडली गेली. पानांत मीठ, लिंबू, चटणी वाढली गेली. काटेबुवांनी चावी भरली आणि डोळे मिटले. खटखट करत गाडी निघाली. पहिल्या रांगेने जिलब्या उचलल्या, मठ्ठा घेतला, वाहवा केली. गाडी कोपऱ्याशी आली. महाराजांनी पंजा पुढे केला. गाडी त्यांच्या पंजासमोरून सरळ निघून गेली आणि जिलबीसकट, मठ्ठ्यासकट डबक्यात पडली.

पंगतीत कुणी घास चावेना.

महाराज उठले. काटेबुवांची मान धरली आणि पहिला काटा चिमटीत पकडला. काटेबुवांना आयुष्यात प्रथमच निखाऱ्याची आठवण आली. लोणी लावून घेतलं असतं तर, असं त्यांना वाटलं. अगदी मनापासून वाटलं.

तेवढ्यात प्रधान कोल्हा पुढे झाला. काटेबुवांची निवड त्यानेच केली होती. काटे संपल्यावर महाराज कुणाकडे वळतील, हे त्याला चांगलं कळत होतं.

"महाराज, थांबा!" प्रधान ओरडला. "ही सरळमार्गी गाडी आहे! जगातली पहिली! वळणं घेतात ती वाकड्या चालीची माणसं... म्हणजे, जनावरं. आपल्या राज्यात वळण असावं, हे शोभेल का?"

महाराज विचारात पडले. त्यांना काही समजलं नाही. पण आपल्याला समजलं नाही हे इतरांना समजेल, याची त्यांना जास्त भीती वाटली.

"आम्हाला हेच हवं होतं," ते म्हणाले. त्यांनी काटा सोडला, आपला चांदीचा पाट उचलला आणि डबक्याच्या काठी नेऊन रुळाच्या नाकासमोर मांडला. मग रिकाम्या पानावर बसून ढेकर दिली. पंगतीने टाळ्या वाजवल्या. ज्यांच्या तोंडात जिलबी होती त्यांनी जास्त वाजवल्या.

त्याच दिवशी हुकूम निघाला. जंगलात कुठेही वळण दिसता कामा नये. काटेबुवा रेल्वेगुरुजी झाले. गोदाक्काची गाडी जिथून निघते तिथेच परत येते, म्हणजे तिच्यात प्रगती नाही, असं हुकुमात लिहिलं होतं. शिपाई रानडुकरांनी तिचे रूळ उखडले आणि निखाऱ्यांवर पाणी ओतलं.

आता गोदाक्का दाण्यांची पाटी डोक्यावर घेऊन शेतातून येते. वाटेत काटेबुवांची शाळा लागते. पहिल्या दिवशी ती समोरून आली तेव्हा काटेबुवांनी खाली मान घातली होती. मग त्यांनी पाठीवरून पंजा फिरवून पाहिला. सगळे काटे जागच्या जागी होते. त्यांचा आवाज आपोआप खणखणीत झाला.

"बघा रे पोरांनो," ते गोदाक्काकडे बोट दाखवून म्हणाले, "व्हिडिओ बघितले नाहीत की आयुष्यात ही वेळ येते."

पोरांनी ते वहीत उतरवून घेतलं.

तात्पर्य: मुलांनो, काम शिकू नका, बोटं भाजतात. नुसतं बघत राहा आणि किती बघितलं ते मोजून ठेवा. ज्याला काम येतं त्याला राजाच्या पाटापर्यंत पोचावं लागतं. ज्याला येत नाही त्याच्यासाठी राजा स्वतः पाट उचलून येतो.