कुरडयांचा पहारा आणि बाबनरावांची बंदूक

"यंदा एकबी कुरडई माकडाच्या तोंडात जाऊ देत नाई," असं बाबनरावांनी जेवताना जाहीर केलं, तेव्हा जनाबाईंनी नवऱ्याच्या ताटात आणखी भात वाढला. लेकीचं, प्रेमलताचं लग्न अक्षयतृतीयेला होतं. रुखवतात मांडायच्या निम्म्या कुरडया माकडांनी गच्चीवरून लंपास केल्या होत्या. आता गव्हाचा शेवटचा चीक उरला होता. तोही गेला तर विहीणबाईंसमोर काय मांडायचं, या काळजीनं त्या माउलीला घास जात नव्हता.

बाबनराव गोळीबार चौकातले विणकर. अशा चौकात राहून घरात बंदूक नाही, हे त्यांना एकोणीसशे शहात्तर सालापर्यंत टोचत आलं होतं. त्यांनी कापडाचे व्यापारी गुलाबचंद यांची छर्र्याची बंदूक मागून आणली. माकडाला मारायचं नव्हतंच. मारुतीच्या गणावर छर्रा झाडायला ते काही पापी नव्हते. कडुलिंबाला रिकामा डबा टांगायचा, त्यावर नेम धरायचा आणि आवाजानं टोळी पळवायची, एवढा साधा बेत होता.

पहिल्या दिवशी वीस छर्रे उडाले. डबा हलला नाही. माकडं कौतुकानं बघत बसली. दोष अर्थातच बंदुकीचा ठरला.

"हिले जरा सुधरवा लागते," म्हणत बाबनरावांनी माग बंद केला. सूत मोजायचं भिंग टॉर्चच्या नळकांड्यात बसवून ते बंदुकीवर बांधलं. त्यातून कडुलिंबाचा शेंडा खाली गेला आणि उलटं लोंबकळणारं माकड तेवढं सरळ दिसू लागलं. दस्त्याला गोधडी शिवली, ती इतकी जाड की घोड्यापर्यंत बोट पोचेना. पण सूत तुटलं म्हणून माग सोडणाऱ्यांतले ते नव्हते.

शिडी चढताना हात मोकळे हवेत, म्हणून खांद्याला पट्टा हवा. तो त्यांनी मागावर विणायला घेतला, चांगला लाल काठाचा. आणि बिनखळीचं, म्हणजे कांजी न पाजलेलं सूत मागावर चढवणं त्यांच्या सात पिढ्यांत कुणी केलं नव्हतं.

"अवो, चीक काहून नेऊन राहिले?" जनाबाई ओरडल्या.

"सुताले खळ देतो. पट्टा जन्मभर टिकला पायजे."

खळ दोनदा बसली. उन्हात वाळून पट्टा मस्त कुरकुरीत झाला.

दुसऱ्या सकाळी जनाबाईंनी उरलेल्या चिकाच्या कुरडया गच्चीवर घातल्या. बाबनराव बंदूक खांद्याला लावून बाजेमागे बसले. टोळी आली. ओल्या, चिकट कुरडयांना तिनं हात लावून पाहिला, हवेत नाक फिरवलं आणि ती सरळ बाजेमागे आली. म्होरक्यानं पट्टा धरला. बाबनरावांनीही सोडला नाही. ओढाताणीत छर्रा सुटला आणि थेट डब्यावर जाऊन टण्णकन वाजला! एकाही माकडानं मान वळवली नाही. बंदूक मात्र पट्ट्यासकट कडुलिंबावर गेली.

तासाभरानं पट्टा खाऊन संपला आणि बंदूक धपकन अंगणात पडली. तृप्त झालेली टोळी निघून गेली. जनाबाईंनी कुरडया पाहिल्या. सगळ्या जागच्या जागी होत्या.

"पाह्यलं? एकबी गेली नाई," बाबनराव खरचटलेलं कोपर चोळत म्हणाले.

"खरंच गेली नाई जी," जनाबाईंना किती दिवसांनी हसू आलं. "वाळाले अजून दोन दिवस लागतीन. उद्यासाठी असाच एक पट्टा विणा, खळीले भाताची पेज देतो. बंदूक तेवढी शेटजीले देऊन या."

बाबनराव मागावर बसले. या वेळी लाल काठ मात्र त्यांनी घातला नाही.