शेजारच्या शेतातलं अठ्ठ्याण्णव

भास्करनाना भाजी घेताना आधी भाव विचारत नसत. वांगं उचलायचं, बोटानं दाबायचं, कानाशी नेऊन हलवायचं आणि गंभीरपणे विचारायचं, "टिकेल का?" आमच्या जळगावचं भरताचं वांगं म्हणजे आज आणलं की आज भाजायची वस्तू. ती टिकून करायचंय काय? एकदा भाजीवाली वैतागून म्हणाली, "नाना, वांगं शे ते, पितळनं भांडं नही!"

"तरी पण," नाना म्हणाले.

बादली असो, चप्पल असो, कुणाची सोयरीक असो, नानांचा प्रश्न एकच. माझ्या लग्नात ते अहेर घेऊन मांडवात आले, मांडवाचं कापड चिमटीत धरून पाहिलं, मग नवरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हळूच म्हणाले, "टिकेल का रे?" प्रश्न नक्की कशाबद्दल होता, ते विचारण्याचा धीर मला आजवर झालेला नाही.

नाना माझे भिंतीला भिंत शेजारी. सारी नोकरी शेतकी खात्यात, तीही बियाणं तपासण्याची. निवृत्त झाले, पण तपासणी काही सुटली नाही. अशा माणसानं दसऱ्याच्या सुमारास घरी कॉम्प्युटर आणला, तेव्हा आख्खी कॉलनी बघायला लोटली. त्या काळी आमच्या गल्लीत कॉम्प्युटर एकच होता, आणि तो माझा. मी घरी लग्नाच्या निमंत्रणपत्रिका टाइप करायचं काम करायचो, त्यामुळे माझं यंत्र पोटासाठी होतं. नानांचं कशासाठी, हे कुणालाच कळेना.

"गाणं भरायचंय त्यात," नाना म्हणाले.

लोक चपापले. गणपतीच्या आरतीत नानांचा आवाज सगळ्यांनी ऐकलेला होता.

मला त्यांनी नंतर खरं सांगितलं. त्यांची थोरली बहीण, अक्का, शिरपूरकडच्या खेड्यात राहायची. श्रावणात आमच्या खानदेशात घरोघरी कानबाई बसते. नारळाला नथ-डोळे लावून, दागिने घालून देवी मांडतात आणि बाया तिच्यापुढे गाणी म्हणतात. नानांच्या आईची गाणी त्या पंचक्रोशीत गाजलेली. आई गेली, आणि ती गाणी एकट्या अक्काच्या तोंडात राहिली. नानांनी पूर्वी आईचा आवाज टेपवर घेतला होता, पण एके दिवशी टेपरेकॉर्डरनं ती फीत अशी काही गिळली की बाहेर निघाला तो नुसता गुंता. आता अक्काचा मुलगा तिला कायमची सुरतेला नेणार होता. पुढची कानबाई झाली की अक्का निघणार.

"सुरतेला सातव्या मजल्यावर कोण म्हणणार कानबाईची गाणी?" नाना म्हणाले. "त्याआधी भरून घ्यायचं. आणि असं भरायचं की टिकलं पाहिजे."

इथपर्यंत सगळं सरळ होतं. घोडं अडलं ते पुढे.

बाजारात रफिकभाईंचं दुकान होतं. पूर्वी ते रेडिओ दुरुस्त करत, आता कॉम्प्युटर जोडून देत. त्यांनी यंत्र जोडलं, आवाजाचं कार्ड बसवलं, माईक लावला आणि विचारलं, "नाना, डब्बा तैयार है. विंडोज कौनसा डालूं? पंचानवे या अठानवे?"

"फरक काय?"

"पंचानवे पुराना है, अठानवे नया है."

रफिकभाईंनी हे बोलायला नको होतं. नव्या-जुन्याचा प्रश्न निघाला की नानांच्या अंगात शेतकी खातं संचारायचं. त्यांचा ठरलेला सिद्धांत होता: "नवं वाण पहिल्या हंगामात शेजाऱ्याच्या शेतात बघावं." कपाशीच्या किती जाती आल्या, जाहिरातीत पोत्यानं पिकल्या आणि वावरात बोंडअळीनं खाल्ल्या, हे ते बोटांवर मोजत सांगायचे. "आणि जुनं वाण?" रफिकभाईंनी विचारलं. "जुन्याचा जोम उतरतो," नाना म्हणाले.

म्हणजे जुनं नको, कारण ते जुनं; आणि नवं नको, कारण ते नवं. रफिकभाईंनी दोन्ही सीड्या खिशात घातल्या आणि हात जोडले. यंत्र तसंच, आत काहीही न घालता, नानांच्या बैठकीत येऊन बसलं. नानींनी त्याला कशिद्याचं झाकण शिवलं. दसऱ्याला नानांनी त्याला झेंडूची माळ घातली, आपट्याची पानं वाहिली. यंत्र काही बोललं नाही, कारण त्याला बोलता येईल असं काही आत नव्हतंच.

आता शेजाऱ्याचं शेत म्हणजे कोण, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. माझ्या यंत्रात अठ्ठ्याण्णव होतं. रोज सकाळी दात घासून झाले की नाना माझ्या खिडकीशी हजर.

"काय, उगवण कशी आहे?"

"बरी आहे, नाना."

"मर रोग वगैरे?"

"नाही."

"मान टाकतं का उन्हात?"

एप्रिलमध्ये जळगावात माणसं मान टाकतात, तिथे कॉम्प्युटरचं काय घेऊन बसलात! पण एकदा माझं यंत्र गोठलं. 'चि. सौ. कां.' एवढंच उमटलं आणि पुढे नवरीचं नावच उमटेना. नानांनी भिंतीपलीकडून माझा सुस्कारा ऐकला आणि ओल्या हातांनी धावत आले. "रोग पडला?" त्यांच्या आवाजात काळजी होती, पण थोडं समाधानही होतं. मला एवढा राग आला की मी दोन दिवस खिडकी लावून बसलो.

मधल्या काळात कुणीतरी त्यांना सांगितलं की दोन हजार साल उजाडलं की जगातली सगळी यंत्रं बंद पडणार. झालं! मग अठ्ठ्याण्णवचीच सुधारून काढलेली आवृत्ती आली. तेव्हा नाना खुर्चीत बसून म्हणाले, "बघ, थांबलो म्हणून बरं झालं. आता हिलाही एक हंगाम बघू."

"नाना, हंगाम बघता बघता अक्का सुरतेला जातील."

नाना खुर्चीतून उठले आणि चप्पल घालून निघून गेले. मला वाटलं, उगाच बोललो.

एक मात्र खरं, बाकीची तयारी त्यांनी जय्यत केली. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना अंड्यांचे ट्रे लावतात, असं त्यांनी कुठंतरी वाचलं. नानांच्या घरात अंड्याचं नावसुद्धा वर्ज्य. त्या घरी हातगाडीभर अंड्यांचे ट्रे दिवसाढवळ्या उतरले. कॉलनीत नको नको ते बोललं गेलं. नानींनी प्रत्येक ट्रेवर गोमूत्र शिंपडलं आणि मगच तो भिंतीला लागू दिला.

श्रावण आला, कानबाई झाली आणि अक्का आल्या. दोनच दिवसांनी मुलगा येऊन त्यांना सुरतेच्या गाडीत बसवणार होता. नऊवारी लुगडं, कपाळावर आडवं कुंकू, आणि दारातून आत पाऊल टाकताच पहिलं वाक्य: "हाई काय करी ठेवं रे भाऊ? घर शे का कोंबड्यास्नं खुराडं शे?"

आता मात्र थांबायला जागा उरली नव्हती. नानांनी रफिकभाईंना बोलावलं आणि डोळे मिटून सांगितलं, "पंच्याण्णव. जुनं वाण. निदान माहितीतलं." रफिकभाईंनी सीडी अशा घाईनं आत सरकवली, की नाना परत फिरायच्या आत काम व्हावं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाणं भरायचं होतं. नानांनी पंखा बंद केला, फ्रिज बंद केला, भिंतीवरचं घड्याळ उतरवून गोधडीत गुंडाळलं. खिडक्यांना गाद्या लावल्या. नानींना आणि माझ्या बायकोला आमच्या घरी पिटाळलं. यंत्राशेजारी बॅटरीचा एक खोका होता, लाईट गेली तरी कॉम्प्युटर चालू ठेवणारा. तो बारीक घूं घूं करत होता. नानांनी तोही काढून बाहेर ठेवला.

"नाना, लाईट गेली तर?"

"गाण्यात घूं नको," नाना म्हणाले.

अक्का पाटावर बसल्या. समोर माईक, एका बाजूला कानाला हेडफोन लावून मी, दुसऱ्या बाजूला नाना. नानांनी बजावलं, "अक्का, माय म्हनायची तसंच म्हण. एक शब्द बदलू नको."

अक्का जरा घुटमळल्या. एकटीनं म्हणायचं गाणं नव्हतंच ते, एकीनं म्हणायचं आणि बाकीच्यांनी झेलायचं असं ते गाणं. पण भावानं सांगितलं म्हणून त्यांनी डोळे मिटून, अंग चोरून म्हटलं. देवीला आवतण झालं, नैवेद्याच्या रोटाचं कौतुक झालं, घरातल्या एकेकाच्या नावानं मागणं झालं. शेवटी एक ओळ आली, "कानबाई माय, मन्हा दगडू टिकू दे." ती ओळ आली आणि नानांनी मान खाली घातली.

गाणं संपलं. एकही कावळा ओरडला नव्हता. नानांचा चेहरा उजळला. मी ते साठवून ठेवायला माऊसकडे हात नेला, आणि लाईट गेली.

श्रावणात जळगावला लाईट जाते, यात बातमी नाही. पण त्या काळ्या पडद्याकडे नाना ज्या नजरेनं बघत होते, ती मी विसरलेलो नाही. वर्षभर पंच्याण्णव की अठ्ठ्याण्णव म्हणून जीव टांगलेला, आणि गाणं गेलं ते या दोहोंपैकी कुणामुळेच नाही. "गेलं," नाना म्हणाले. "परत गेलं." ते भिंतीला टेकून खाली बसले. मला त्यांच्याकडे बघवेना.

अक्कांना आधी काही कळलंच नाही. मी समजावून सांगितलं, तेव्हा त्या खळखळून हसल्या.

"तुन्हं यंत्र गयं ना? मी आठेच तुन्हा पुढे बठेल शे! आधी खिडकी उघाड, जीव घाबरी ऱ्हायना."

खिडक्या उघडल्या. वारा आला, नानी आल्या, माझी बायको चहा घेऊन आली. संध्याकाळी लाईट आली तेव्हा खोलीत बायका बसल्या होत्या आणि अक्का रंगात आल्या होत्या. मी गुपचूप यंत्र सुरू केलं, तो घूं घूं करणारा खोका परत जोडला आणि माईक पुढे सरकवला. नानांनी विरोध केला नाही.

या खेपेला अक्का म्हणत होत्या आणि नानी झेलत होत्या. माझ्या बायकोला शब्द येत नव्हते, ती नुसता ठेका धरत होती. आमच्या घरात कुकरची शिट्टी झाली, तीही त्यात गेली. आणि शेवटची ओळ आली, पण दुपारची नाही. अक्कांनी म्हटलं, "टिकना व माय, मन्हा दगडू टिकना." टिकू दे नव्हे, टिकला.

"हे असं नव्हतं," नाना पुटपुटले. "माय टिकू दे म्हनायची."

मी घाईनं गाणं आधी साठवून घेतलं.

"माय दरसाल नवं म्हने," अक्का म्हणाल्या. "तू व्हयना तवय बठ्ठा गाव एकच इचारे, पोऱ्या टिकस का नही?" मग माझ्याकडे वळून त्यांनी सगळं सांगितलं. भास्कर हे शाळेत घातलेलं नाव. त्याच्या आधीची दोन मुलं पाळण्यातच गेली होती, म्हणून हा झाला तेव्हा आईनं त्याचं नाव दगडू ठेवलं. दगडाला कोण नेतंय? त्या श्रावणात तिनं देवीपुढे म्हटलं, माझा दगडू टिकू दे. पुढच्या वर्षी म्हटलं, चालू दे. मग शाळेत जाऊ दे, मग नोकरीला लागू दे. दर कानबाईला ती ओळ बदलत गेली; नानांनी टेप लावली तेव्हा मात्र तिनं पहिलीच ओळ म्हटली होती. "हाई गानं तिनं शेवटना साले म्हनं," अक्का म्हणाल्या. "तू नोकरीवर व्हता, तू कोठे ऐकं?"

 नानांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि बराच वेळ पुसतच राहिले. ते माझ्यासमोर रडले, आणि मलाही रडू आलं, हे सांगायला मला काही वाटत नाही.

अक्का दुसऱ्या दिवशी सुरतेच्या गाडीत बसल्या. नाना स्टेशनवरून थेट माझ्या खिडकीशी आले. मला वाटलं, आता विचारतील, उगवण कशी आहे.

"ते गाणं आधी तुझ्याकडे उतरवून घे," ते म्हणाले. "मग रफिकला निरोप दे. माझ्या यंत्रात अठ्ठ्याण्णव घालू. पुढे नवं आलं की तेही घालू."

"आणि ती कुकरची शिट्टी? काढून टाकता येईल."

"असू दे."

मला राहवेना. वर्षभराचं उट्टं काढायची हीच वेळ होती. खिडकीच्या गजाला धरून, त्यांच्याच आवाजात मी विचारलं, "पण नाना, अठ्ठ्याण्णव टिकेल का?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसले.

"मी टिकलो ना? मग बाकीचं बघू," ते म्हणाले, आणि पिशवी उचलून वांगी आणायला निघाले.